जुन्या इंजेक्शनवाल्या स्पोर्ट्स कारसाठी कॅमशाफ्टची निवड

जुनं इंजिन खोलून परत बांधताना आत कोणत्या मापाचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवायचा ते ठरवणं म्हणजे कॅमशाफ्टची निवड. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो आणि व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उचलायचा, कधी मिटायचा हे त्याच्यावरचे लोब, म्हणजे उंचवटे, ठरवतात. कार्बोरेटरच्या गाडीत जरा तेज कॅम टाकला तर जेट बदलून बरंच भागतं, पण जुन्या इंजेक्शनमध्ये पेट्रोल किती सोडायचं ते बऱ्याचदा मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडं हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) व्हॅक्यूमवरून ठरतं, आणि कॅम बदलला की व्हॅक्यूम बदलतो. म्हणून आधी इंजेक्शन बघा मग कॅम, हॉर्सपॉवरचा आकडा सगळ्यात शेवटी.

ट्रायम्फ टीआर6 घ्या. 2498 सीसी, सरळ रांगेत सहा सिलिंडर, लुकासचं मेकॅनिकल इंजेक्शन. सुरुवातीच्या, नंबर सीपीनं सुरू होणाऱ्या गाड्यांत कॅम 35-65-65-35 चा, म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर) 35 अंश आधी उघडतो आणि बीडीसी (पिस्टन सगळ्यात खाली) उलटून 65 अंशांवर मिटतो, एकूण 280 अंश. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात तो ओव्हरलॅप 70 अंशांचा. नंतरच्या सीआर गाड्यांना 18-58-58-18 चा कॅम आला, 256 अंश आणि ओव्हरलॅप फक्त 36. ताकद कागदावर 150 हॉर्सपॉवरवरून 125 च्या आसपास आली (त्यातला थोडा फरक मोजायच्या पद्धतीचा पण आहे), पण आयडलिंग एकदम शांत झालं. ओव्हरलॅप मोठा असला की न्यूट्रलला व्हॅक्यूम पडतो, लुकासच्या मीटरिंग युनिटला (पेट्रोल मोजून सोडणारा भाग) तो इंजिनवर लोड आल्यासारखाच असतो, ते पेट्रोल वाढवतं आणि गाडी काळा धूर सोडत थरथरत उभी राहते. त्यामुळं सीआरला सीपीचा कॅम घालायचा तर युनिट पण त्या कॅमला कॅलिब्रेट करून घ्यायला लागतं, नाहीतर नुसता खर्च. अमेरिकेत विकलेल्या टीआर6 ला कार्बोरेटर होते, तेव्हा पार्ट मागवताना कुठल्या गाडीचा कॅम आहे ते नीट विचारून घ्या.

बॉशच्या डी-जेट्रॉनिक इंजेक्शनचं दुखणं पण तेच, तो मॅनिफोल्डचं प्रेशर वाचतो. के-जेट्रॉनिकमध्ये आत जाणारी हवा एक प्लेट उचलते आणि मोठ्या ओव्हरलॅपनं हवा मागं ढकलली की ती प्लेट फडफडते.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या मिस्त्री लोकांचा हात ऑइल इंजिनांवर बसलेला आहे, मापाला माणूस पक्का. पण ऑइल इंजिन जवळपास एकाच आरपीएमला चालतं आणि स्पोर्ट्स कारला आठशेपासून पाच हजारापर्यंत सगळीकडं ओढ लागते, हे कामाआधी बोलून घ्यावं. आणि गाडी चालणार कुठं? गगनबावड्याहून करूळ घाट उतरून परत चढायचा तर दोन-तीन हजारालाच ताकद पाहिजे, तिथं 256 अंशांचा कॅमच लई समाधान देतो असं माझं स्पष्ट मत आहे. जुनाच कॅम घासून प्रोफाइल बदलला तर लोबचा मूळ गोल लहान होतो, मग पुशरॉडची (लोबची उचल वर व्हॉल्व्हकडं नेणारी काडी) लांबी परत तपासायची.

नव्या कॅमला जुने टॅपेट (लोबवर टेकून पुशरॉड उचलणारे तुकडे) कधीच लावू नका. टॅपेटचा तळ सपाट दिसला तरी किंचित फुगीर असतो, त्यामुळं तो लोबवर फिरत राहतो. स्टीलची पट्टी तळावर उभी धरून उजेडाकडं बघायचं, कडेनं उजेड दिसला तर टॅपेट चांगला, मधून दिसला तर तो खड्ड्यात गेलाय, टाकून द्या. टायमिंग लावताना नुसत्या खुणांवर जाऊ नका, एक नंबरच्या इनलेटला डायल गेज लावून सगळ्यात जास्त उचल कुठं येते ते बघा, सीपी कॅमला टीडीसीनंतर 105 अंशांवर, सीआरला 110 वर. ट्रायम्फच्या कॅम चक्राला चार भोकं असतात, चक्र फिरवून किंवा उलटं लावून अर्धा नाहीतर पाव दात सरकवता येतो.

पहिल्यांदा चालू करताना लोबला असेम्ब्ली ल्यूब भरपूर, ऑइल झिंक असलेलं, आणि इंजिन पेटलं की आयडलिंगला सोडायचं नाही, लगेच दोन हजारावर नेऊन वीस मिनिटं दोन ते अडीच हजारात खालीवर ठेवायचं, कारण लोबला तेल उडून मिळतं ते क्रँकच्या फिरण्यातून.