रक्त घट्ट नसतं, सवय वेगळी असते

थंड देशातून आलेल्याचं रक्त घट्ट असतं, ते पातळ होईपर्यंत उकडणारच, असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. हे खरं नाही. शरदातल्या २० अंशांत शेजारी स्वेटर चढवतात आणि नवखा अर्ध्या बाह्यांत, तरी वरच्या ओठावर घाम. पण अंगातली उष्णता रक्ताचा घट्टपणा नाही, त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या सांभाळतात: थंडीत आकसतात, उबेत रुंदावतात, आणि हे काही मिनिटांत घडतं. उन्हाळ्यात रोज अंगमेहनत केली तर साधारण १० ते १४ दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, रक्तातला द्रवभागही थोडा वाढतो. (समजुतीचं मूळ बहुधा इथंच.) पण सौम्य हवेत प्रश्न बहुतेक कपड्यांचा नि सवयीचा. जाड जॅकेटऐवजी दोन पातळ थर घाला, दुपारी एक उतरवा.