सेक्वॉन बार्कलीचा २०२३चा हंगाम : दुखापती, करार आणि पाच वर्षांची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या न्यूयॉर्क जायंट्सचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, सेक्वॉन बार्कली २०२३च्या हंगामात १४ सामने खेळला. चेंडू घेऊन २४७ वेळा धावला आणि ९६२ यार्ड काढले, म्हणजे दर धावेमागे सरासरी ३.९. आदल्या वर्षी त्याच्या नावावर १,३१२ यार्ड होते. संघ १७ पैकी ११ सामने हरला, मार्च २०२४मध्ये बार्कली संघाबाहेर पडला आणि त्याचे चांगले दिवस सरले असं बोललं जाऊ लागलं. आकडे खरे आहेत. पण त्यांवरून त्याच्या पायांबद्दल जो निष्कर्ष काढला गेला तो चुकीचा होता, आणि तो का चुकीचा होता हे कळायला २०१८पासून सुरुवात करावी लागते.

अमेरिकन फुटबॉल ज्यांनी फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, चेंडू हातात देतो आणि रनिंग बॅक समोरच्या सव्वाशे-दीडशे किलोंच्या गड्यांमध्ये फट शोधून घुसतो. धाव चांगली गेली तरी बहुतेक वेळा ती कुणीतरी त्याला जमिनीवर आदळल्यावरच संपते. असं एका सामन्यात वीस-पंचवीस वेळा. त्यामुळे गुडघे आणि घोटे आधी जातात, आणि तेही ऐन पंचविशीत.

२०१८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांमध्ये, जायंट्सकडे दुसरा क्रमांक होता. त्यांचा क्वार्टरबॅक इलाय मॅनिंग ३७ वर्षांचा झाला होता, आणि त्या वर्षी नव्या क्वार्टरबॅकांची रांग लागली होती. तरीही जनरल मॅनेजर डेव्ह गेटलमन यांनी पेन स्टेट विद्यापीठाचा बार्कली उचलला. इतक्या वरच्या क्रमांकावर रनिंग बॅक घ्यावा का, हा वाद तेव्हापासून त्याला चिकटला. त्याने आपल्याकडून उत्तर दिलं: पहिल्याच वर्षी १,३०७ यार्ड धावून, ७२१ यार्ड झेल घेऊन, १५ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) आणि सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडूचा किताब. पण त्या २,०२८ यार्डांसाठी ३५२ वेळा चेंडू त्याच्या हातात आला होता, आणि संघ तरी पाचच सामने जिंकला. एवढा भार एका एकवीस वर्षांच्या मुलावर टाकून हाती काय लागलं, हा प्रश्न तेव्हा फार कमी लोकांनी विचारला.

मग दुखापती सुरू झाल्या. २०१९मध्ये टॅम्पा इथे उजव्या घोट्याच्या वरच्या बाजूचा लिगामेंट दुखावला. ही नेहमीची मुरगळ नव्हे. पायाची दोन हाडं जिथे एकमेकांना बांधलेली असतात तिथला हा धागा आहे, आणि पाय रोवून दिशा बदलताना सगळा जोर नेमका तिथेच येतो. तो तीन सामने बसला आणि परतल्यावर बराच काळ त्याचा तो वळण्याचा झपाटा दिसला नाही. २० सप्टेंबर २०२०ला शिकागोत उजव्या गुडघ्यातला एसीएल हा मुख्य लिगामेंट फाटला आणि त्या वर्षीचा हिशोब दोन सामने, ३४ यार्डांवर थांबला. २०२१मध्ये डॅलसला खेळ थांबल्यासारखा झाला असताना त्याचा पाय एका प्रतिस्पर्ध्याच्या पायावर पडला आणि डावा घोटा टम्म फुगला. वर्षाअखेर ५९३ यार्ड.

२०२२मध्ये ब्रायन डाबोल प्रशिक्षक म्हणून आले, बार्कली सावरला आणि जायंट्स प्लेऑफमध्ये पोचून मिनेसोटाविरुद्ध जिंकलेसुद्धा. माझ्या मते इथेच त्याच्या पदरात दीर्घ करार पडायला हवा होता. हंगामाच्या मधल्या विश्रांतीच्या आठवड्यात बोलणी झाली, पण ती फिसकटली. मार्च २०२३मध्ये एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला चार वर्षांसाठी १६ कोटी डॉलरचा करार मिळाला, आणि बार्कलीवर फ्रँचाइज टॅग लागला.

या टॅगमध्येच खरी मेख आहे. १९९३पासून लीगमध्ये हा नियम आहे. करार संपलेल्या एका खेळाडूला संघ आणखी एक वर्ष अडवून ठेवू शकतो, आणि पगार त्या जागेवरच्या सर्वांत महागड्या खेळाडूंच्या सरासरीवरून ठरतो. रनिंग बॅकचं दुर्दैव असं की ही सरासरीच खाली घसरत गेली. २०१७मध्ये पिट्सबर्गच्या लेव्हिऑन बेलला टॅगवर १.२१ कोटी डॉलर मिळाले होते. २०२३मध्ये बार्कलीच्या टॅगचा आकडा १.०१ कोटी होता. या सहा वर्षांत प्रत्येक संघाची पगाराची कमाल मर्यादा मात्र १६.७ कोटींवरून २२.४८ कोटींवर गेली होती. वर २०११च्या कामगार करारापासून नवोदितांचे पगार ठरीव झालेले. पहिल्या फेरीतला खेळाडू चार वर्षं, आणि संघाला वाटलं तर पाचवं, बांधलेला. त्यात एक टॅग मिळवा. रनिंग बॅकच्या पायातलं उत्तम बळ तोवर खर्च होऊन जातं, आणि मग 'आता वय झालं' म्हणायला संघ मोकळे. मला हा सरळ अन्याय वाटतो.

टॅग लागलेल्यांना दीर्घ करार करण्याची मुदत १७ जुलैला संपली, करार झाला नाही. लास व्हेगासचा जोश जेकब्स आणि डॅलसचा टोनी पोलार्ड या रनिंग बॅकांचीही तीच गत. त्याच आठवड्यात लॉस एंजेलिस चार्जर्सचा रनिंग बॅक ऑस्टिन एकलरने देशभरच्या रनिंग बॅकांना झूमवर एकत्र बोलावलं. त्यात बार्कली होता, क्लीव्हलंडचा निक चबही होता. कामगिरी जितकी चांगली तितके जास्त झेलावे लागणारे फटके, आणि पगार मात्र खालीच, हे दुखणं चबने नंतर पत्रकारांसमोर मोकळेपणाने मांडलं. ठोस काही निघालं नाही. बेलने २०१८मध्ये पूर्ण हंगाम घरी बसून पाहिलं होतं आणि त्यातून त्याला आधीचं स्थान कधीच परत मिळालं नाही, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. २५ जुलैला बार्कलीने एका वर्षाच्या करारावर सही केली. टॅगच्या रकमेवर काही बोनस वाढवून दिले होते, पण ते मिळवायचे तर संघ प्लेऑफमध्ये पोचायला हवा होता.

हंगामाची सुरुवात घरच्या मैदानावर डॅलसकडून ४०–० अशा पराभवाने झाली. न्यू जर्सीच्या ज्या मेटलाइफ स्टेडियममध्ये हे घडलं ते एडिसन-पिस्कॅटवेच्या मराठी मंडळींना मोटारीने सहज गाठता येतं. तिथे त्या रात्री पाऊस होता आणि मध्यंतरानंतर खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. डावा टॅकल अँड्र्यू थॉमस, म्हणजे समोरच्यांना अडवून वाट मोकळी करणाऱ्या लाइनमधला सर्वांत भरवशाचा गडी, त्याच सामन्यात जायबंदी झाला. पुढच्या रविवारी ॲरिझोनात जायंट्स २१ गुणांची पिछाडी भरून ३१–२८ जिंकले, बार्कलीचे त्यात दोन टचडाउन. सामना संपत आलेला असताना खेळाडूंच्या ढिगाऱ्याखाली त्याचा उजवा घोटा अडकला. दुसऱ्याच दिवशी, १८ सप्टेंबरला, पिट्सबर्गमध्ये निक चबचा डावा गुडघा इतका वाईट दुमडला की प्रक्षेपणात ते दृश्य पुन्हा दाखवलंच नाही. एकलरचा घोटा पहिल्याच सामन्यात गेला होता. झूमवर बसलेल्यांपैकी हे तिघंही जण दोन आठवड्यांच्या आत जायबंदी.

बार्कली तीन सामने बसून ऑक्टोबरमध्ये परतला. २९ ऑक्टोबरचा जेट्सविरुद्धचा सामना मला अजून खटकतो. जोन्स मानेच्या दुखण्याने बाहेर होता. बदली क्वार्टरबॅक टायरॉड टेलर बरगड्यांना मार लागून गेला, आणि मग टॉमी डेव्हिटो हा अगदी नवखा मुलगा आला. पावसात फेकण्याचं धाडस कुणी करेना. संघाचे पासवरचे एकूण यार्ड उणे नऊ भरले. सगळ्या मैदानाला ठाऊक होतं चेंडू कुणाकडे जाणार, तरीही तो पुन्हापुन्हा बार्कलीकडेच गेला: ३६ वेळा, १२८ यार्ड. एकाच वेगवान गोलंदाजाकडून दिवसभर एका टोकाने षटकं टाकून घ्यावीत तसं हे झालं, तेही घोट्यातून उठून जेमतेम दोन आठवडे झालेले असताना. जादा वेळेत जायंट्स १३–१० हरले.

पुढच्याच सामन्यात जोन्सचा एसीएल गेला. त्या हंगामात जायंट्सचे क्वार्टरबॅक ८५ वेळा चेंडूसह पाडले गेले. लीगच्या इतिहासात याहून जास्त वेळा फक्त १९८६चे फिलाडेल्फिया ईगल्स. समोर वाट काढून देणारी भिंत नाही आणि पाठीशी दमदार पासही नाही, अशा अवस्थेत ३.९ची सरासरी एकट्या धावणाऱ्याच्या माथी मारणं मला कधीच पटलं नाही. तरीही वॉशिंग्टनविरुद्ध त्याने दोन टचडाउन झेलले आणि शेवटच्या सामन्यात ईगल्सविरुद्धही दोन काढले. एकूण दहा टचडाउन झाले. प्लेऑफ हुकल्यामुळे बोनसचा एक डॉलरही मिळाला नाही.

जायंट्सनी दुसऱ्यांदा टॅग लावला नाही. मार्च २०२४मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी त्याला तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर देऊ केले. लीगमधल्या उत्तम लाइनपैकी एका लाइनमागे तो २०२४मध्ये १६ सामन्यांत २,००५ यार्ड धावला. एरिक डिकरसनचा १९८४चा २,१०५ यार्डांचा विक्रम आवाक्यात असताना ईगल्सनी त्याला शेवटच्या सामन्यात बाकावर बसवून विश्रांती दिली, आणि माझ्या लेखी त्या संघाने घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय. ९ फेब्रुवारी २०२५ला, त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, ईगल्सनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. महिन्याभरात नवा करार झाला: दोन वर्षांना ४ कोटी १२ लाख. वर्षाला सरासरी दोन कोटी डॉलरच्या वर जाणारा तो पहिला रनिंग बॅक ठरला.