पुढचा एक दात, मागचे तीन

कोलोरॅडोत यूरे आणि टेल्युराइड या दोन गावांच्या मध्ये इमोजीन पास नावाची खिंड आहे. उंची १३,११४ फूट, म्हणजे जवळजवळ ४,००० मीटर. जुन्या खाणींच्या काळातली वाट. डांबराचा पत्ता नाही, सगळा सुट्या दगडांचा चढ, आणि बर्फ हटून वाट मोकळी होईपर्यंत उन्हाळा चांगलाच वर आलेला असतो. डेन्व्हरहून तिथे पोचायला मात्र दिवसभर हायवे कापावा लागतो. ही दोन्ही कामं एकाच गाडीवर निभावी म्हणून लोक ड्युअल-स्पोर्ट मोटरसायकल घेतात, आणि पहिल्याच फेरीनंतर स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चाकांचे, दात मोजायला लागतात. मीही मोजले.

माझी गाडी कावासाकीची केएलआर ६५०. पुढे १५ दातांचं स्प्रॉकेट, मागे ४३ दातांचं, आणि त्यांच्यावर १०६ कड्यांची चेन. ४३ ला १५ ने भागलं की २.८७ येतात. गिअरबॉक्समधून बाहेर आलेला दांडा एवढे फेरे मारतो तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. पुढचं स्प्रॉकेट १४ दातांचं केलं तर हाच आकडा ३.०७ होतो. म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये चाकाला ७ टक्के जास्त टॉर्क (फिरवणारा जोर), आणि त्याच आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) तेवढाच कमी वेग. गाडीचा ‘पिकअप वाढला’ असं आपण म्हणतो खरं, पण इंजिनची ताकद होती तेवढीच राहते. बदलते ती तिची वाटणी: जोर किती आणि वेग किती.

खिंडीत हे ७ टक्के फार मोलाचे. ४,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश उरते, आणि हवा कमी म्हणजे इंजिनचा जोरही साधारण तेवढाच कमी. पहिल्या गिअरमध्येसुद्धा गाडी दगडावर अडते, मग क्लच अर्धा दाबून धरायचा, रेस करायची, आणि थोड्या वेळाने क्लचप्लेट तापल्याचा वास यायला लागतो. १४ चं स्प्रॉकेट लावल्यावर त्याच चढावर क्लच पूर्ण सोडून गाडी चालण्याच्या वेगाने वर जाते. त्याची किंमत परतीच्या वाटेवर द्यावी लागते: हायवेवर ज्या वेगाला इंजिन ४,५०० आरपीएमवर फिरत होतं, तिथे आता ४,८२० लागतात. एकच सिलिंडर असलेल्या इंजिनात तो फरक दोन तासांत हातांच्या मुंग्यांतून कळतो.

हाच परिणाम मागचं स्प्रॉकेट मोठं करूनही साधता येतो. ४६ भागिले १५, पुन्हा ३.०७. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागे तीन दात वाढवणं, कारण गुणोत्तरच तीनच्या आसपास आहे. तुमच्या गाडीत ते अडीच असेल तर पुढचा एक दात मागच्या अडीच दातांच्या तोडीचा.

गुणोत्तर सारखंच आलं, तरी चेनच्या दृष्टीने हे दोन उपाय सारखे नाहीत. चेन स्प्रॉकेटभोवती वर्तुळात फिरत नाही, ती बहुभुजाकृतीत फिरते. १५ दातांवर चढताना प्रत्येक कडी २४ अंशांत वाकते, १२ दातांवर ३० अंशांत. झीज नेमकी या वाकण्यात होते, कडीच्या पिनेवर. शिवाय पुढचं स्प्रॉकेट एकसारखं फिरत असलं तरी चेनचा वेग प्रत्येक दातागणिक किंचित कमीजास्त होतो: १५ दातांना सुमारे २.२ टक्के, १२ ला ३.४, १० ला ४.९. त्यात स्प्रॉकेट लहान म्हणजे त्याच टॉर्कला चेनवरचा ताण जास्त, आणि चेन खाली उतरून स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्यावरच्या) रबराला घासते ते वेगळंच. म्हणून मी १४ च्या खाली कधी जाणार नाही. कायम डोंगरातच गाडी चालवायची असेल तर मागचं स्प्रॉकेट मोठं करणं चेनला जास्त मानवतं.

पण मग चेनची लांबी आड येते, आणि तिथे मी फसलो होतो. ४६ चं स्प्रॉकेट आणि १०६ कड्यांची कोरी चेन घेऊन बसलो, मागच्या चाकाचा एक्सल (आस) त्याच्या खाचेत पार पुढे ढकलला, तरी चेनची दोन टोकं एका बोटाच्या अंतरावर अडली. कागदावर दोन मिनिटं आकडेमोड केली असती तर हे आधीच दिसलं असतं.

माझ्या चेनचं माप ५२०. त्या आकड्यातला पहिला ५ म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत इंचाचे पाच अष्टमांश, १५.८७५ मिलिमीटर. ४२८ च्या चेनमध्ये हेच अंतर चार अष्टमांश, १२.७ मिलिमीटर. स्प्रॉकेटचा एक दात वाढला की त्याच्या अर्ध्या भागावर चेन बसते, म्हणून साधारण अर्धी कडी जास्त लागते. तीन दात म्हणजे दीड कडी आणि वर थोडं. चेनची वरची बाजू आणि खालची बाजू मिळून हे अंतर भरून काढतात, त्यामुळे एक्सल त्याच्या निम्म्याने सरकतो. हिशेब केला तर ४६ च्या स्प्रॉकेटला १०६ कड्यांवर एक्सल जवळजवळ १३ मिलिमीटर पुढे यायला हवा. तेवढी जागा खाचेत नव्हती.

१०७ कड्या करून भागत नाही. आतली कडी, बाहेरची कडी, अशी आळीपाळीने चेन बनते. टोकं जुळायची तर संख्या सम हवी. अर्धी वाकडी कडी टाकून विषम करता येते, पण मोटरसायकलवर तो कमजोर दुवा मला मान्य नाही. म्हणजे १०८. दोन कड्या वाढल्या की एक्सल १६ मिलिमीटर मागे जातो, त्यातून ते १३ वजा, म्हणजे मूळ जागेपेक्षा फक्त ३ मिलिमीटर मागे. झकास बसतं. मागे जागा शिल्लक हवीच: चेन झिजून एक टक्का लांबली की एक्सल आणखी ८ मिलिमीटर मागे घ्यावा लागतो. म्हणून कोरी चेन बसवताना एक्सल खाचेच्या पुढच्या भागात राहील अशी लांबी निवडायची, आणि कापण्याआधी चेन प्रत्यक्ष स्प्रॉकेटवर गुंडाळून कडी खुणेने पक्की करायची. जास्तीची कडी कापता येते. कमी पडली तर जोडकाम करत बसावं लागतं.

चेनच्या ढिलाईचं गणित ड्युअल-स्पोर्टला फार महत्त्वाचं. स्विंगआर्म ज्या खिळीवर वरखाली होतो, तिच्या थोडं पुढे पुढचं स्प्रॉकेट असतं. स्प्रॉकेटचा मध्य, खिळी आणि एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणली जाते. या गाड्यांचं सस्पेन्शन लांब हलतं, त्यामुळे स्टँडवर लोंबकळणारी चेन खड्ड्यात तारेसारखी ताठ होऊ शकते, आणि तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. एखाद्याला गाडीवर बसवून, किंवा पट्ट्याने मागची बाजू खाली ओढून, तिघं एका रेषेत आले की तिथे चेन थोडी तरी हललीच पाहिजे. मग गाडी सोडून दिल्यावर जी ढिलाई दिसते ती मोजून लिहून ठेवायची.

आता माझ्या गाडीवर वर्षभर १५ आणि ४३ असतात. डोंगरात जायच्या आदल्या संध्याकाळी पुढच्या स्प्रॉकेटचा नट अडवून धरणाऱ्या चकतीची, लॉक वॉशरची, दुमडलेली कड सरळ करतो, मागचा ब्रेक दाबून नट सोडतो आणि १४ चढवतो. चेन तीच १०६ कड्यांची, एक्सल जेमतेम ४ मिलिमीटर मागे. अर्ध्या तासाचं काम. परत आलो की १५.