संगीतबारी

तमाशाचा केवळ गाणे, नृत्य आणि अदाकारी यांवर उभा असलेला प्रकार. ढोलकी फडाच्या तमाशात गण (गणेशस्तवन), गवळण (कृष्ण-गवळणींचा प्रवेश), बतावणी (विनोदी संवाद) आणि वग (कथानाट्य) असतो, सोंगाड्या म्हणजे विनोदी नट असतो आणि फड गावोगाव फिरतो. संगीतबारीत वग व सोंगाड्या नसतात. स्त्रिया गातात आणि नाचतात, पेटी, तबला व ढोलकीची साथ पुरुष करतात आणि पार्टी, म्हणजे हा कलावंतांचा संच, एखाद्या थिएटरात मुक्काम करून राहते. फड प्रेक्षकांच्या गावी जातो. संगीतबारीकडे रसिकच परगावाहून येतो. तिचा अर्थव्यवहार आणि काही प्रमाणात गाण्याची घडणही या एका फरकातून ठरली आहे.

संगीतबारी केव्हा सुरू झाली याबाबत एकमत नाही. एक मत तिला उत्तर पेशवाईत नेते. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत (१७९६–१८१८) पुण्यात शाहिरांना आणि कलावंतिणींना उदार आश्रय मिळाला. शाहीर होनाजी बाळाने लावणी रागदारीत बांधली, असे परंपरा सांगते. बसून गायची बैठकीची लावणी तेव्हाची, म्हणून संगीतबारीही तेव्हाची, असा हा युक्तिवाद आहे. त्यात एक अडचण राहते. कलावंतिणीची बैठक आश्रयदात्याच्या वाड्यात होई. ठरलेले पैसे मोजून कोणाही अनोळखी माणसाने येऊन बसावे, अशी सोय तिच्यात नव्हती. शिवाय त्या काळच्या तमाशात नाचकाम ‘नाच्या’ पोऱ्या, म्हणजे स्त्रीवेषातला मुलगा, करीत असे.

दुसरे मत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे बोट दाखवते. त्याचा एक आधार पेटीचा आहे. संगीतबारीचे हे मुख्य साथीचे वाद्य युरोपातून आले, आणि १८८० नंतरच्या संगीत नाटकांच्या लाटेत ते महाराष्ट्राच्या कानांना सरावाचे झाले. दुसरा आधार स्त्रियांच्या रंगमंचप्रवेशाचा. शाहीर पट्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या फडातील पवळाबाई हिवरगावकर ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली नामांकित स्त्री मानली जाते. बाजारपेठेच्या गावांत व शहरांत तिकिटाची थिएटरे उभी राहिली, हा तिसरा. कोल्हाटी समाजाच्या कसरतीच्या खेळांतून हा प्रकार निघाला, असेही काही जण मांडतात; पण त्यातून कलावंत कोण होते एवढेच कळते, प्रकार कसा घडला ते कळत नाही. गाण्याचे मूळ आणि व्यवसायाचे मूळ वेगळे धरले, तर पहिल्या दोन मतांतला बराचसा विरोध उरत नाही. लावणी जुनी, तिच्याभोवतीची संगीतबारी ही व्यवस्था मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी किंवा विसाव्याच्या आरंभी आकाराला आली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पुण्याचे आर्यभूषण थिएटर आणि मुंबईच्या गिरणगावातले लालबागचे हनुमान थिएटर ही तमाशाची जुनी नावाजलेली ठिकाणे. पुढे ‘कलाकेंद्र’ या नावाने चौफुला, मोडनिंब, जामखेड अशी ठिकाणे प्रसिद्धीला आली. यांतली चौफुला आणि मोडनिंब ही दोन पुणे–सोलापूर रस्त्यावर आहेत. जामखेडला नगर जिल्ह्याबरोबर बीड, धाराशिवकडचा माणूसही सहज पोचतो. वाटेवरचे ठिकाण प्रवाशाला सोयीचे असतेच, पण ओळखीच्या नजरेपासून दूर राहता येणे हेही त्याचे महत्त्वाचे कारण. उसाचे बिल हाती आलेला बागायतदार, आडत्या, बाजाराला आलेला व्यापारी, कंत्राटदार हा इथला नेहमीचा पाहुणा. स्वतःच्या गावातल्या थिएटरची पायरी तो क्वचितच चढतो.

एका थिएटरात अनेक पार्ट्या असतात आणि प्रत्येकीची खोली वेगळी. संध्याकाळी तिकिटाचा जाहीर खेळ होतो. त्यात पार्ट्या पाळीपाळीने रंगमंचावर येऊन एक-दोन गाणी करतात. त्यांतून पाहुणा आपल्या पसंतीची पार्टी निवडतो आणि बैठक ठरवतो. बैठकीचे पैसे वेळेच्या हिशेबाने आधीच ठरतात. खोलीत गाद्या, लोड, एका कडेला वादक आणि समोर हातभर अंतरावर नऊवारीतल्या, पायांत चाळ बांधलेल्या स्त्रिया. मुजरा झाला की फर्माईश सुरू होते. नर्तकीला हात लावायचा नाही, हा जुन्या थिएटरांतला संकेत. तो मोडणाऱ्याला पार्टीची मालकीण उठवते.

बैठकीची लावणी या अंतरासाठीच घडली आहे. गाणारी बसलेली असते. लावणीची एकच ओळ ती पुन्हापुन्हा घेते आणि दर वेळी तिचा अर्थ बदलते: एकदा भुवईने, एकदा पदराच्या टोकाने, एकदा पाहुण्याकडे पाठ फिरवून. रुसवा, आर्जव, टोमणा असे सगळे त्या एका ओळीत बसते. चालींत खमाज, पिलू, भैरवी यांसारखे राग येतात आणि गायकी ठुमरीच्या जवळ जाते. या कलेला हीन मानणाऱ्यांनी यातले काहीच पाहिलेले नसते. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांना याच गायकी-अदाकारीसाठी १९७५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली.

ठरलेल्या रकमेखेरीज पाहुणा जे खुशीने देतो ती दौलतजादा. नोट पुढे झाली की नाचणारींपैकी एक ताल न सोडता जाऊन ती घेते आणि वादकांपाशी ठेवून परत रांगेत मिसळते. फर्माईश, नोट आणि गाणे यांचा हा मेळ बैठकीची लांबी ठरवतो. जाणकार पाहुणा असेल तर जुन्या लावण्या निघतात, नसेल तर चित्रपटगीते. थिएटरमालकाचा हिस्सा वजा जाता उरलेली रक्कम मालकीण, नर्तकी आणि वादक यांच्यात वाटली जाते.

या कमाईवर कोल्हाटी समाजातली अनेक घरे चालली. ज्या मुलीने चाळ बांधले तिचे लग्न होत नसे. चिरा उतरवण्याच्या, म्हणजे पहिल्या पुरुषसंबंधाच्या, विधीनंतर ती एखाद्या यजमानाशी (आश्रय देणाऱ्या पुरुषाशी) बांधली जाई. तिची मुले आईचे नाव लावत. पाहुणा रात्रीपुरता येऊन जातो. भाऊ-भाच्यांची शिक्षणे आणि लग्ने तिच्या पायांवर होतात आणि समाजात नाव मात्र तिचेच खराब होते. हा अन्याय संगीतबारीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात मुंबई प्रांताच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली आणि पुढे अटींसह ती उठवली. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाखालील १९६० च्या परवाना नियमांत मेळे, तमाशे आणि कॅबरे एकत्र येतात. डान्स बारनाही याच नियमांखाली परवाने मिळत. राज्याने २००५ मध्ये डान्स बारवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घटनाबाह्य ठरवली. २०१६ च्या नव्या कायद्यातील अनेक अटी १७ जानेवारी २०१९ च्या निकालाने रद्द झाल्या. बक्षिशी देण्यास मुभा राहिली, नोटा उधळण्यावरची मनाई कायम राहिली. बंदीच्या काळात बारमधल्या काही स्त्रिया कलाकेंद्रांत आल्या. दौलतजादा आणि बारमधली उधळण यांना एकाच मापाने मोजण्याची सवय तेव्हापासून वाढली. दोन्हींत पैसा पाहुण्याचाच असला, तरी बैठकीत तो गाण्याला उत्तर म्हणून येतो. त्यामुळे ही तुलना फार ताणू नये.

अलीकडे शहरांतल्या नाट्यगृहांत लावणीचे तिकिटाचे प्रयोग होतात, काही खास स्त्री-प्रेक्षकांसाठी. संगीतबारीतल्या कलावंत तिथे गातात, नाचतात. मोठ्या सभागृहात भुवईची अदा मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, म्हणून अशा कार्यक्रमांत खडी म्हणजे उभ्याने नाचत केलेली, वेगवान लावणी अधिक असते आणि बैठकीची लावणी एखाद-दुसरीच.