कुटुंब नियोजन आणि लोकसंख्या नियंत्रण एकच नाही

लोकसंख्येचा विषय निघाला की थोड्याच वेळात कुणीतरी म्हणतंच, आता कडक कायदा करा, कुटुंब नियोजन सक्तीचं करा, त्याशिवाय देश पुढे जायचा नाही. लगेच समोरून कुणीतरी म्हणतं की कुटुंब नियोजन हे मुळात गरिबांविरुद्धचं कारस्थानच आहे. मग दोघं एकमेकांवर तुटून पडतात, पण चूक दोघांची सारखीच असते, कुटुंब नियोजन आणि लोकसंख्या नियंत्रण या दोन गोष्टी त्यांनी एकच धरलेल्या असतात.

घोटाळा होणं साहजिक आहे म्हणा. साधनं तीच असतात ना. तीच तांबी, त्याच गोळ्या, तीच नसबंदी, दवाखाना तोच आणि कधीकधी तर सिस्टरपण तीच. बाहेरून बघणाऱ्याला काय कळणार? खरी गोम आहे ती प्रश्न कुणाला विचारला यात. कुटुंब नियोजनात प्रश्न त्या बाईला, त्या जोडप्याला असतो, की मूल हवंय का, किती हवीत, पाळणा लांबवायचाय की थांबवायचाय. उत्तर काहीही येवो, अगदी 'चार हवीत' असं आलं तरी हरकत नाही, त्यांना लागेल ती मदत करायची आणि विषय संपला. मूल होत नसलेल्या जोडप्याचा इलाजसुद्धा यातच येतो, हे बरेच जण विसरतात. लोकसंख्या नियंत्रणात मात्र आधी वर कुठेतरी आकडा ठरतो, देशाला इतकी माणसं पुरे, मग तो आकडा जिल्ह्याला वाटला जातो, तिथून तालुक्याला, आणि शेवटी एखाद्या कर्मचाऱ्याच्या रजिस्टरमध्ये 'या महिन्यात इतक्या केसेस' म्हणून येऊन बसतो. जिच्या पोटचा विषय आहे तिला यात कुणी काही विचारतच नाही.

ओळखायचं कसं? माझ्या मते सगळ्यात सोपी खूण म्हणजे ती बाई नाही म्हणाली तर पुढे काय होतं ते बघायचं. दुसरी खूण त्याहून चांगली, तांबी काढून घ्यायला गेली तर काय होतं? बसवायला सगळे तयार असतात हो, काढून देतात का ते सांगा. चीनमध्ये एक-मूल धोरणाच्या काळात ज्या तांब्या बसवल्या गेल्या त्यांना बाहेर येणारा दोराच ठेवलेला नसायचा, म्हणजे काढायची तर ऑपरेशनच करावं लागणार. कुणाचा निर्णय चालणार होता हे त्या वस्तूच्या बनावटीतच लिहिलेलं होतं.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच खात्याने केल्यात, त्यामुळे आपल्याइतकं हे समजायला सोपं दुसऱ्या कुणाला नसेल. १९५२ मध्ये सरकारी पातळीवर कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करणारा भारत जगातला पहिला देश. पुढे १९७४ मध्ये बुखारेस्टला जागतिक लोकसंख्या परिषद झाली, तिथे भारताचे मंत्री करण सिंह यांनी भूमिका मांडली की विकास हेच सगळ्यात चांगलं गर्भनिरोधक आहे, म्हणजे शिक्षण द्या, आरोग्य द्या, जन्मदर आपोआप उतरेल. आणि दोनच वर्षांनी, आणीबाणीत, त्याच मंत्र्यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केलं ज्यात म्हटलं होतं की शिक्षण आणि विकासाची वाट बघत बसणं आता परवडणारं नाही, राज्यांना हवं तर त्यांनी सक्तीचा कायदा करावा. महाराष्ट्राने तसं विधेयक पासही केलं होतं, तिसऱ्या मुलानंतर सक्तीची नसबंदी, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदी ऑपरेशनं झाली, त्यातली बहुतेक पुरुषांची. शिक्षकांना केसेस आणायचं टार्गेट, नाही आणल्या तर पगार अडकवायचा, हे सगळं नंतर आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर आलंच.

त्याचा परिणाम काय झाला तर पुढच्या वर्षी आकडा १० लाखांच्याही खाली आला. लोक दवाखान्यालाच घाबरायला लागले. आणि सगळ्यात मोठं नुकसान असं की पुरुष नसबंदी या देशात तेव्हापासून जवळजवळ संपलीच, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी जवळपास ३८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली दिसते आणि नवऱ्याची झालीय अशा फक्त ०.३ टक्के. खरं तर पुरुषांचं ऑपरेशन सोपं, कमी धोक्याचं. म्हणजे नियंत्रणाच्या नादात नियोजनाचं एक चांगलं साधन कायमचं बदनाम करून टाकलं आणि ओझं बायकांवर गेलं. त्याच सर्वेक्षणात देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात तो आकडा, २.० आलाय. १९९२-९३ मध्ये तो ३.४ होता. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतो, म्हणजे आपण त्याच्याही खाली उतरलो, तेही सक्ती सोडून दिल्यानंतरच्या काळात.

'पण चीनने करून दाखवलं ना?' हा प्रश्न येणारच. चीनचा जननदर १९७० मध्ये पावणेसहाच्या आसपास होता आणि एक-मूल धोरण यायच्या आधीच, १९७९ पर्यंत, तो पावणेतीनच्या आसपास आला होता. मोठी घसरण आधीच झालेली! ती उशिरा लग्न, दोन मुलांत जास्त अंतर आणि कमी मुलं या मोहिमेच्या काळात झाली, त्यातही दबाव होता, ते काही अगदी मऊ प्रकरण नव्हतं. पण थायलंड बघा. तिथे १९७० च्या सुमाराला दर साडेपाचच्या आसपास होता आणि १९९० च्या दशकापर्यंत दोनवर आला, तिथे निरोध आणि गोळ्या गावोगावी पोचवल्या, थट्टामस्करी करत करत लोकांची भीड मोडली, कुणाला धरून नेलं नाही. बांगलादेशात तर कार्यकर्ती बाईच घरोघरी जाऊन साधनं द्यायची, तिथला दर सहाच्या वरून उतरत उतरत अडीचच्या खाली आला, आणि बांगलादेश तेव्हा श्रीमंत होता असं कुणी म्हणणार नाही. मग चीनमध्ये १९८३ या एका वर्षात सुमारे २ कोटी नसबंदी करून नेमकं जास्तीचं काय मिळवलं, याचं पटेल असं उत्तर मला अजून दिसलेलं नाही. आणि कहर म्हणजे त्याच १९८३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं पहिलं लोकसंख्या पारितोषिक इंदिरा गांधी आणि चीनचे मंत्री छियान शिनचोंग यांना मिळून दिलं गेलं. जगाला तेव्हा या दोन गोष्टींतला फरक दिसत नव्हता किंवा बघायचा नव्हता.

का बघायचा नव्हता, तर अर्थव्यवस्था. १९६५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी जाहीर भाषणात सांगितलं होतं की लोकसंख्या नियंत्रणात घातलेले पाच डॉलरसुद्धा आर्थिक वाढीत घातलेल्या शंभर डॉलरच्या तोडीचे आहेत. हे गणित ऐकायला भारी वाटतं पण त्याच्या पोटात एक चलाखी आहे. दरडोई उत्पन्न म्हणजे एकूण उत्पन्न भागिले माणसं, मग माणसं कमी केली की आकडा वाढणारच, त्यासाठी कुणाचं काही भलं व्हायची गरज नाही. अर्थशास्त्रात एक जुना टोमणा आहे, गोठ्यात वासरू जन्मलं की दरडोई उत्पन्न वाढतं आणि घरात मूल जन्मलं की कमी होतं. हसू येतं पण हिशोब बरोबर आहे, आणि या हिशोबात गरीब माणूस फक्त भागाकाराच्या खालच्या आकड्यात मोजला जातो, तो पुढे कमावणारपण आहे हे कुठेच येत नाही.

याचा अर्थ मुलं कमी होण्याचा आणि आर्थिक वाढीचा संबंध नाही असं मी म्हणत नाहीये. आहे, आणि चांगला आहे. जन्मदर उतरला की काही दशकं कमावत्या वयातल्या लोकांचं प्रमाण वाढतं, सांभाळायची पोरं कमी, त्यांच्यावर खर्च जास्त, पूर्व आशियातल्या देशांनी याचा फायदा भरपूर घेतला. पण त्यांनी तो घेतला शाळा आणि नोकऱ्या उभ्या करून, नुसती माणसं कमी असून पोट भरत नाही. आणि बाण उलटाही जातो, मुली शिकल्या, बाळं जगायला लागली, म्हातारपणाची थोडी सोय झाली की लोक स्वतःहूनच दोनवर थांबतात. कोण आधी कोण नंतर हा वाद अर्थशास्त्रज्ञ करत बसलेत, करू देत.

नैतिकतेचा खरा गुंता मात्र मधल्या जागेत आहे. बंदूक कुणी लावत नाही, पण नसबंदी केली तर पैसे देतात, किंवा तिसरं मूल झालं तर काहीतरी काढून घेतात. हे नियोजन की नियंत्रण? ऑपरेशनमुळे चार दिवस मजुरी बुडते ती भरून दिली तर मला त्यात वावगं वाटत नाही. पण घरात दाणा नसताना हातात रोख रक्कम ठेवली आणि सही घेतली तर तिला मर्जी म्हणवत नाही. आणि दंडाच्या बाजूचं तर साफच आहे, दोन मुलांवर झाली तर पंचायत निवडणूक लढवता येणार नाही असे नियम काही राज्यांत आहेत, २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हरियाणाचा असा नियम वैध ठरवला. कायदेशीर आहे, ठीक, पण किंमत कुणी मोजली? पद टिकवायला बायकोला सोडून देणं, मूल दुसऱ्याचं दाखवणं असले प्रकार नोंदले गेलेत. नियम लोकसंख्येसाठी आणि किंमत घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाने मोजायची, असं होतं ते.

आता कारस्थानवाल्यांना पण उत्तर द्यायला हवं. पेरूमध्ये १९९० च्या दशकात अध्यक्ष फुजिमोरींच्या काळात अडीच लाखांहून जास्त बायकांची नसबंदी झाली, त्यात आदिवासी बायका खूप होत्या आणि कित्येकींना नीट सांगितलंच नव्हतं, तेव्हा संशय उगाच आलेला नाही. पण म्हणून साधनंच नकोत म्हणणं म्हणजे त्याच बायकांचं दुसऱ्यांदा नुकसान. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत २० कोटींहून जास्त बायकांना आत्ता मूल नकोय आणि आधुनिक साधन त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. मुलं किती आणि कधी हे ठरवणं हा आईबापांचा मूलभूत हक्क, असं १९६८ मध्ये तेहरानच्या मानवी हक्क परिषदेत मान्य झालं, आणि १९९४ च्या कैरो परिषदेत आकड्यांच्या टार्गेटपेक्षा बाईच्या निर्णयाला पुढे ठेवायचं ठरलं. भारताने १९९६ मध्ये टार्गेट काढून टाकलं, निदान कागदावर.

नियंत्रणवाल्यांना घाई असते, पण घाई करून भागत नाही. जननदर २.१ ला आला तरी आधीच जन्मलेली तरुण पिढी मोठी असते, त्यामुळे काही दशकं एकूण आकडा वाढतच राहतो, त्यावर इलाज नाही.

आणि ज्यांना वाटतं नियंत्रण म्हणजे मुलं कमी करणं, त्यांनी रोमानिया बघावा. १९६६ मध्ये तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने गर्भपातावर बंदी आणली, देशाला कामगार हवे होते. एका वर्षात जननदर दोनच्या खालून साडेतीनच्या वर गेला आणि मग लोकांनी चोरवाटा शोधल्यावर परत उतरत गेला, मधल्या काळात चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो बायका मेल्या. दिशा उलटी, पण आकडा वरूनच आलेला. दक्षिण कोरियाचा दर २०२३ मध्ये ०.७२ पर्यंत घसरला, चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटतेय, म्हाताऱ्यांना पोसायला हात नाहीत म्हणून सरकारं घाबरलीत, तेव्हा यापुढे ही सक्ती मुलं जन्माला घाला म्हणूनच जास्त होणार असं मला वाटतं. इराणमध्ये झालीच आहे. १९८९ नंतर तिथे गावागावातल्या आरोग्य केंद्रांतून साधनं फुकट, लग्नाआधी जोडप्यांना माहितीचा वर्ग, १९८० च्या दशकात सहाच्या वर असलेला दर २००० च्या आसपास दोनवर आला. मग सरकारला वाटलं फारच कमी झाली पोरं, आणि २०२१ च्या कायद्याने त्याच सरकारी केंद्रांतून साधनं फुकट वाटणं बंद केलं, नसबंदीवर निर्बंध घातले. दर अजूनही दोनच्या खालीच आहे.