घरातली रेल्वे आणि नाशिकची कपाटं: खरेदी-साठवणुकीची पार्श्वभूमी

घरी छोट्या रेल्वेचा लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशनांची मांडणी, करणाऱ्या नाशिककरांकडे मांडलेल्या मालापेक्षा खोक्यात ठेवलेला माल जवळजवळ नेहमीच जास्त असतो. घरच्यांना ही साठेबाजी वाटते. दिसलं की घ्या आणि जपून ठेवा, ही सवय या छंदाला लावली ती आयातीच्या नियमांनी. ते नियम कसे बदलत गेले हे ठाऊक नसेल, तर कोण काय विकत घेतं आणि कसं ठेवतं याचा उलगडा होत नाही.

जुना इतिहास थोडक्यात. जर्मनीतल्या एका खेळणी कारखान्याने 1891 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाचे रूळ मांडले आणि रूळ, डबे, इंजिनं सुटी सुटी घेऊन गाडी वाढवत नेण्याची पद्धत रूढ झाली. त्याच्या थोडं आधी, 1889 मध्ये, नाशिकच्या मेनरोडपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली होती. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. तिचे रूळ अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटरचे. एचओ मापात, म्हणजे 87 पटीने लहान केले तर, ते पावणेनऊ मिलिमीटर होतात आणि बाजारात सहज मिळणारा एन स्केलचा (एचओहून लहान मापाचा) 9 मिलिमीटरचा रूळ त्याला छान चालून जातो. गावाची स्वतःची इतकी सुंदर गोष्ट इतक्या थोड्या लेआउटवर दिसते, याची हळहळ वाटते.

नाशिककराला खरी ओढ असते घाटाची. कसारा-इगतपुरी थळ घाटाचा मार्ग 1865 मध्ये सुरू झाला, चढ 37 ला 1. विजेची गाडी 1930 मध्ये इगतपुरीपर्यंत आली ती 1500 व्होल्ट डीसीवर, आणि पुढे भुसावळच्या बाजूला 1960 च्या दशकाच्या अखेरीस 25 हजार व्होल्ट एसी आली. म्हणून कित्येक वर्षं इगतपुरीला इंजिन बदलायचं, आणि कसाऱ्याहून चढताना गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागायचे. हे सगळं घरातल्या टेबलावर आणायचं तर एकाच गाडीसाठी डीसी इंजिन, एसी इंजिन आणि बँकरची जोडी हवी. मनमाड मांडायचं म्हटलं की मीटरगेजही आलं, कारण 1990 च्या दशकातल्या रुंदीकरणापर्यंत औरंगाबादकडची गाडी तिथून मीटरगेजवर सुटायची. खरेदीची यादी लांब होते ती इथे. सपाट प्रदेशातल्या स्टेशनाचा लेआउट दोन इंजिनांत भागतो, आपला भागत नाही.

त्यात आपल्या ब्रॉडगेजची अडचण. 1676 मिलिमीटरचे रूळ 87 पटीने लहान केले तर सव्वाएकोणीस मिलिमीटर होतात. दुकानात मिळतो तो 16.5 मिलिमीटरचा, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटर गेजचा. जवळपास सगळ्यांनी 16.5 वरच समाधान मानलं, आणि ते योग्यच झालं. रूळ, सांधे, चाकं हे सगळं हाताने घडवत बसलो असतो तर गाडी धावायला आयुष्य पुरलं नसतं. समोरून पाहिलं तर गाडी थोडी अरुंद पायांवर उभी वाटते, एवढंच. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या रेल्वे डबे कारखान्याचा, 21.3 मीटरचा डबा एचओमध्ये साडेचोवीस सेंटिमीटर भरतो, एन स्केलमध्ये तेरा-साडेतेरा. फ्लॅटच्या गॅलरीत किंवा दिवाणाखाली सरकवायच्या फळीवर लेआउट करणारे एनकडे वळले ते या हिशेबामुळे.

1991 पूर्वी बाहेरची इंजिनं मिळण्याचे मार्ग मोजकेच होते. मर्चंट नेव्हीतला मामा, आखाती देशात गेलेला शेजारी, अमेरिकेतली आत्या. मुंबईला क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास एखादा संच दिसला तर दिसला. अमेरिकेहून आलेल्या संचाचा ट्रान्सफॉर्मर 120 व्होल्टचा असायचा. तो इथल्या 230 व्होल्टच्या बोर्डात लावून कितीतरी घरांत पहिल्याच संध्याकाळी धूर निघाला. उरलेलं घरी बनायचं. टेपरेकॉर्डरची मोटर, पुठ्ठ्याचे डबे, पितळी पट्टीचे रूळ. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लेथवर काम करणारे चाकं कातून देत, आणि अंबड लिंक रोडचा भंगार बाजार 2017 मध्ये उठवला जाईपर्यंत छोट्या मोटरी आणि पितळ शोधायची ती हक्काची जागा होती. त्या काळात काहीच टाकून द्यायचं नसे. तुटका बफर, एकट्या पडलेल्या चाकाची जोडी, सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात.

उदारीकरणानंतर चित्र पालटलं, पण सावकाश. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे परिमाणात्मक निर्बंध टप्प्याटप्प्याने उठत गेले आणि त्यातले शेवटचे 715 वस्तूंवरचे 1 एप्रिल 2001 ला संपले. त्यानंतरची अठरा वर्षं या छंदाचा सुगीचा काळ म्हणावा लागेल. आंतरराष्ट्रीय कार्डाने पैसे भरता येऊ लागले, जपान-जर्मनीची दुकानं पार्सल पाठवू लागली, आयटीतली मुलं परत येताना बॅगेत इंजिनं आणू लागली. युरोपातले डबे विटकरी किंवा निळ्या रंगात रंगवून भारतीय करण्याची लाट याच काळातली. मूळ आयसीएफ डब्याचं डिझाइन स्वित्झर्लंडमधून आलेलं असल्यामुळे स्विस डबे त्याला बरेच जवळ जातात, आणि हे ज्यांना माहीत होतं त्यांनी ते वेळेवर उचलले. पुण्यात कोथरूडला 1998 मध्ये छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं होतं. तिथला खेळ पाहून परतलेल्या नाशिकच्या कितीतरी मुलांनी पहिला संच मागितला. भारनियमनाच्या वर्षांत गाड्या रात्री उशिरा धावत, कारण वीज तेव्हाच असायची.

मग आला तो निर्णय, किंवा खरं तर अडीच महिन्यांत लागोपाठ आलेले तीन निर्णय, ज्यांच्याबद्दल अजून गैरसमज आहेत. ते सुटे करून पाहायला हवेत, कारण पार्सल अडकलं की लोक तिन्हींची सरमिसळ करतात.

पहिला 12 डिसेंबर 2019 चा. टपालाने किंवा कुरियरने शुल्काशिवाय 'भेट' म्हणून येणारा माल बंद झाला; अपवाद फक्त जीवरक्षक औषधं आणि राखीचा. तोवर ठरावीक किमतीपर्यंतची भेट शुल्काशिवाय येत असे, आणि त्या वाटेचा गैरवापर मोठ्या प्रमाणावर व्हायचा हेही खरं. परदेशी संकेतस्थळांवरून घेतलेल्या चपला, कपडे, दागिने सर्रास भेट म्हणून उतरत. त्या पुरात मावशीने वाढदिवसाला पाठवलेला मालगाडीचा डबाही वाहून गेला.

दुसरा फेब्रुवारी 2020 च्या अर्थसंकल्पातला. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क 20 टक्क्यांवरून एकदम 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70 टक्के. त्यावर जीएसटी वेगळा. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांचे सुटे भाग या 70 टक्क्यांतून वगळले होते.

तिसरा गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश. तो 25 फेब्रुवारी 2020 चा, आणि मुदतवाढ मिळून 1 जानेवारी 2021 पासून लागू. खेळण्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचं, आणि ते मिळवायला परदेशी कारखान्यानेही इथला परवाना घ्यायचा. यामागे कारण होतं. 2019 च्या एका तपासणीत बाजारातल्या आयात खेळण्यांपैकी 67 टक्के नमुने सुरक्षेच्या कसोटीला उतरले नव्हते. लहान मूल तोंडात घालेल अशा वस्तूंवर कडक नियम हवेतच, याबद्दल दुमत नसावं.

गुंता पुढे आहे. गुणवत्तेच्या आदेशात खेळणं म्हणजे 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठी बनवलेली वस्तू. चांगल्या मॉडेल रेल्वेच्या खोक्यावर '14 वर्षांवरील' किंवा '15 वर्षांवरील संग्राहकांसाठी' असं स्पष्ट छापलेलं असतं. युरोपातल्या नियमातही हुबेहूब प्रतिकृतींना याच अटीवर खेळण्यांतून वेगळं काढलं आहे. म्हणजे वय पाहिलं तर 1:87 चं इंजिन या आदेशाबाहेर राहतं असा युक्तिवाद करता येतो. पण शुल्काला वयाशी देणंघेणं नाही. शुल्क बघतं सीमाशुल्काच्या यादीतला क्रमांक, आणि 9503 या क्रमांकाखाली तीनचाकी सायकल, बाहुली, कोडी आणि लहान आकाराची करमणुकीची मॉडेल, चालणारी असोत वा नसोत, एकाच ओळीत बसवली आहेत. त्यामुळे एकच इंजिन एका नियमात खेळणं ठरत नाही आणि दुसऱ्यात ठरतं. पार्सल मुंबईला उघडलं जातं तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याला खोक्यावर रंगीत गाडीचं चित्र दिसतं. कुणाचं पार्सल शुल्क भरून सुटलं, कुणाकडे प्रमाणपत्र मागितलं, कुणाचं परत गेलं.

माझं मत स्पष्ट आहे. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण द्यायला 9503 ची सगळी ओळ एका दराने बांधणं सोपं होतं, पण न्याय्य नव्हतं. ज्याचं मोठं उत्पादन देशात होत नाही आणि जे घेणारा माणूस चाळिशी-पन्नाशीचा असतो, त्या वस्तूला वेगळी उपनोंद देता आली असती. उलट बाजूही सांगायला हवी: याच काळात थ्रीडी प्रिंटरवर भारतीय इंजिनांची कवचं छापणाऱ्या घरगुती कारागिरांना गिऱ्हाईक मिळालं, आणि आपल्या गाड्या आपल्या रंगात पहिल्यांदाच मापात दिसू लागल्या. मात्र त्या कवचाखालची मोटर आणि चाकं बहुधा बाहेरचीच असतात.

उरला रस्ता बॅगेचा. 2016 च्या नियमांनी बहुतेक देशांतून परतणाऱ्या प्रवाशाला 50 हजार रुपयांपर्यंतचा माल शुल्काशिवाय आणायची मुभा दिली. म्हणून 2020 नंतर खरेदी वर्षभर थोडी थोडी न होता कुणी परत येणार असेल तेव्हा एकदम होऊ लागली, आणि जुन्या मालाला भाव आला. दोन्हींचा परिणाम एकच. घरात माल जास्त, आणि तो खराब झाला तर पुन्हा मिळणं कठीण. साठवणुकीची आजची चर्चा इथून सुरू होते.

जुन्या नाशकात याला आणखी एक पदर आहे. सप्टेंबर 2008 च्या पुरात गोदावरीचं पाणी सराफ बाजार, भांडी बाजारात शिरलं, 2016 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा आलं. तळमजल्यावरच्या कपाटातला माल लोकांनी माळ्यावर नेला. पण पत्र्याखालच्या किंवा शेवटच्या मजल्याच्या स्लॅबखालच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये जी उष्णता कोंडते, तिने डब्यांचे पातळ प्लॅस्टिकचे छप्पर वाकतात आणि गिअरमधलं ग्रीस घट्ट होऊन बसतं. मधल्या उंचीचं, आतल्या भिंतीला लागून असलेलं कपाट हीच खरी जागा. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते.

सर्वांत जास्त नुकसान मात्र डांबरगोळ्यांनी केलं आहे. कपड्यांच्या कपाटात जागा मिळाली म्हणून खोकी तिथे ठेवायची आणि कसर लागू नये म्हणून दोन-चार गोळ्या टाकायच्या, ही घरोघरची रीत. नॅफ्थलिनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते. डब्याची बाजू आधी बोटाला किंचित चिकट लागते, मग खिडक्यांच्या कडा गोल होतात, रंगावर सुरकुती येते, आणि खोक्यातला कागद कायमचा चिकटतो. त्यावर उपाय नाही. कसरीसाठी कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा घट्ट झाकणाचा डबा पुरतो. मऊ पीव्हीसी वायरची गुंडाळी डब्याला टेकून ठेवली तरी काही वर्षांत असाच डाग पडतो.

जुन्या खोक्यांतला स्पंज हा दुसरा शत्रू. पॉलियुरेथेनचा तो पिवळा फोम वीस-पंचवीस वर्षांत ओलसर भुग्यासारखा होतो आणि रंगाला धरतो. मूळ खोकं ठेवावं, फोम काढून टाकावा, इंजिन आम्लविरहित पातळ कागदात गुंडाळावं. सिलिका जेलच्या पुड्या चांगल्या, पण श्रावणात भरलेली पुडी दिवाळीपर्यंत तशीच ठेवली तर तिचा उपयोग संपलेला असतो. ती तापवून कोरडी करावी लागते. ध्वनीच्या खोक्यात किंवा रिमोटमध्ये सेल विसरू नयेत. पितळी रुळांवरचा काळपट थर वीज अडवतो, म्हणून नवे रूळ घेताना निकेल सिल्व्हरचे घ्यावेत, थोडे महाग पडले तरी.

धातूचा एक रोग मात्र साठवणुकीने थांबत नाही. जस्ताच्या ओतकामात शिसं मिसळलं असेल तर सांगाडा आतून फुगतो, भेगा पडतात, कोपरे तुटतात. दमट उष्णतेत हे लवकर होतं. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या मालात तो जास्त, पण अलीकडच्या काही गाड्यांतही आढळला आहे. म्हणून हातबदल माल घेताना इंजिन उलटं करून सांगाड्याची सरळ रेघ डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहतात.

असा हातबदल माल आता वाढतो आहे. सुगीच्या काळात जमवणाऱ्यांची पिढी साठीपुढे गेली, मुलं पुण्या-बंगळुरूला, कुणाची घरं पुनर्विकासात गेली. आख्खे संग्रह एकदम विकायला निघतात, आणि विकणाऱ्या घरच्यांना बऱ्याचदा कोणतं खोकं कशाचं हे माहीत नसतं. ज्यांनी खोक्यावर खरेदीचं वर्ष, व्होल्टेज, डिकोडरचा (इंजिनातल्या डिजिटल नियंत्रणाच्या चिपचा) पत्ता आणि शेवटचं तेल कधी घातलं हे पेन्सिलीने लिहून ठेवलं, त्यांच्या मालाला वाजवी भाव मिळतो. बाकीचा किलोवर जातो. अशा बंद पडलेल्या इंजिनाला घरी आणल्या आणल्या बारा व्होल्ट देऊ नयेत. कवच उतरवून जुनं ग्रीस पुसावं, चाकं हाताने फिरतात का पाहावं, आणि मग तीन-चार व्होल्टवर हळूहळू चालवून बघावं.