रीळ कुठे आहे? जुन्या वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म आणि तिच्यामागचा इतिहास

जुन्या मराठी वर्तमानपत्रांवर काम करायला घेतले की आधी एक विचित्र भूगोल शिकावा लागतो. पुण्यात निघालेल्या पत्राचे सगळे अंक पुण्यात मिळतीलच असे नाही. काही दिल्लीत तीन मूर्ती भवनात, काही लंडनला, काही थेट शिकागोला. तिथेही हाती येतो तो कागद नव्हे, तर पानांची बारीक छायाचित्रे असलेले, खोक्यात ठेवलेले ३५ मिलिमीटर फिल्मचे रीळ. कोणते रीळ कुठे आहे याला तर्क नाही असे सुरुवातीला वाटते. तर्क आहे, फक्त तो विषयाचा किंवा गावाचा नाही. फिल्म कुणी काढली, कधी काढली आणि कुणाच्या पैशाने काढली, यावर सगळे ठरलेले आहे.

मुळात फिल्म काढायची वेळ कागदामुळे आली. पेशवाईतला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद हाताने, चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला. कसर आणि पाणी यांच्यापासून वाचला तर तो अडीचशे वर्षांनंतरही रुमालातून, म्हणजे दफ्तर बांधायच्या कापडातून, काढून निर्धास्त उलगडता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापखान्यांकडे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात आम्ल असते. उजेड आणि दमट हवा लागली की तो पिवळा पडतो आणि शेवटी पापडासारखा मोडतो. त्यामुळे नाना फडणवीसांच्या काळातले पत्र धडधाकट आणि १९२० सालचा दैनिकाचा अंक हात लावताच चुरा, असा उलटा प्रकार दफ्तरखान्यांत नेहमी दिसतो.

मायक्रोफिल्मचे तंत्र मात्र कागद वाचवण्यासाठी जन्मले नाही. मँचेस्टरचे जॉन बेंजामिन डान्सर यांनी १८३९ मध्येच सूक्ष्म छायाचित्रे काढून दाखवली होती, पण लोकांनी ती गंमत म्हणूनच पाहिली. पॅरिसच्या रेने दाग्रों यांनी १८५९ मध्ये पेटंट घेतले. १८७०-७१ च्या वेढ्यात प्रशियाच्या सैन्याने पॅरिस बंद केले, तेव्हा दाग्रों बलूनमधून शहराबाहेर पडले आणि बाहेरचे सरकारी व खासगी संदेश बारीक फिल्मवर उतरवू लागले. या फिल्म कबुतरांच्या पिसांना बांधून शहरात पाठवत. आत मॅजिक लँटर्नने त्या भिंतीवर मोठ्या करून कारकून संदेश उतरवून घेत. खेळणे होते ते कामाचे साधन झाले ते असे.

पुढचा टप्पा बँकेचा. न्यूयॉर्कचे बँकर जॉर्ज मॅकार्थी यांना वटलेल्या चेकची नक्कल ठेवायची होती. त्यासाठी त्यांनी १९२० च्या दशकात एक यंत्र केले. १९२८ मध्ये ईस्टमन कोडॅकने ते घेतले आणि ‘रेकॉर्डॅक’ या नावाने धंदा उभा केला. कोडॅकने १९३५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ ३५ मिलिमीटर फिल्मवर घ्यायला सुरुवात केली आणि वर्तमानपत्रांचा रस्ता मोकळा झाला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याच्याही आधी, १९२७ ते १९३५ या काळात, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातली तीस लाखांवर पाने फिल्मवर नेली होती. युजीन पॉवर यांनी १९३८ मध्ये ॲन आर्बर येथे ‘युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स’ काढली, तेव्हा तर ग्रंथालयांना फिल्म पुरवणे हा स्वतंत्र व्यवसायच झाला. दूरच्या ग्रंथालयातले पुस्तक आपल्या टेबलावर आणायचे, हा हेतू इथे पहिला होता. जतन हा मुद्दा नंतर मोठा झाला, आणि कपाटांची जागा वाचते हे कारण तर फार मोठ्याने कुणी बोलत नसे, पण निर्णय बहुधा त्यावरच होत.

भारतात पुराभिलेखागारांनी आणि मोठ्या ग्रंथालयांनी स्वातंत्र्यानंतर फिल्म स्वीकारली, आणि आपल्या हवेने तिची चांगलीच परीक्षा घेतली. सुरुवातीची नायट्रेट फिल्म पेट घेणारी होती, म्हणून ॲसिटेटची ‘सेफ्टी फिल्म’ आली. ही फिल्म उष्ण, दमट खोलीत कुजते, आकसते आणि तिला शिरक्याचा आंबूस वास येतो. या ‘व्हिनेगर सिंड्रोम’ची कोडॅककडे गेलेली पहिली तक्रार भारत सरकारची होती. पुढे पॉलिएस्टर फिल्म आली. तिच्यावरचा चांदीचा थर नीट धुतलेला असेल आणि ती थंड, कोरड्या जागी ठेवलेली असेल तर पाचशे वर्षे टिकण्याचा अंदाज आहे. अर्थात वातानुकूलन अखंड चालू राहील हे गृहीत धरून.

शिकागोची कथा गव्हापासून सुरू होते. पी.एल. ४८० म्हटले की आपल्याकडे रेशनवरचा लाल गहू आठवतो. या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या धान्याचे पैसे रुपयांत जमा होत, आणि त्यातला काही भाग अमेरिकी ग्रंथालयांसाठी भारतीय पुस्तके व नियतकालिके विकत घेण्यावर खर्च झाला. लायब्ररी ऑफ काँग्रेसची दिल्ली कचेरी १९६२ मध्ये उघडली ती याच कामासाठी. खरेदीबरोबर फिल्म काढण्याचे कामही तिथे होऊ लागले. १९६७ मध्ये अमेरिकी विद्यापीठांनी मिळून ‘साउथ एशिया मायक्रोफॉर्म प्रोजेक्ट’ सुरू केला. त्याची रिळे शिकागोच्या ‘सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज’मध्ये असतात आणि सभासद ग्रंथालयांना पाठवली जातात. दिल्लीत तीन मूर्ती भवनातल्या नेहरू स्मारक ग्रंथालयाने (२०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय) राष्ट्रीय चळवळीच्या अभ्यासासाठी देशभरची वर्तमानपत्रे गोळा केली. टिळकांच्या ‘केसरी’चे आणि इंग्रजी ‘मराठा’चे रीळ त्यामुळे तिथे सापडते. मात्र चळवळीच्या मुख्य धारेबाहेरच्या छोट्या पत्रांच्या वाट्याला असे भाग्य क्वचित आले. नगर किंवा बेळगावच्या एखाद्या साप्ताहिकाची फिल्म सापडत नसेल, तर ती हरवली असे समजू नका. बहुधा ती कधी काढलीच गेली नाही.

गोव्याची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते सर्वांत बोलकी. तिथला दफ्तरखाना १५९५ चा, दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला रखवालदार. लिस्बनहून पावसाळी वाऱ्यांबरोबर येणाऱ्या जहाजांच्या पत्रव्यवहाराची ‘मोन्सोइंश दु रैनु’ ही तिथली सर्वांत मोठी मालिका. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे ६२ खंड लिस्बनला नेले गेले, बाकीचे गोव्यात राहिले. १९५० च्या दशकात लिस्बनच्या ‘फिल्मोतेका उल्त्रामारिना पोर्तुगेझा’ने, आंतोनियु दा सिल्व्हा रेगु यांच्या देखरेखीखाली, गोव्यातल्या कागदांची फिल्म काढली. दफ्तरखान्याचे प्रमुख तेव्हा पांडुरंग पिसुर्लेंकर होते, मराठे-पोर्तुगीज संबंधांचे सर्वांत मोठे जाणकार. सत्ता जाण्याच्या आधी वसाहतीच्या कागदांची प्रत राजधानीत पोहोचली. आज शिवकाल किंवा संभाजी महाराजांच्या काळातल्या पोर्तुगीज व्यवहारावर काम करणाऱ्याला पणजीतले मूळ खंड, लिस्बनमधले मूळ खंड आणि लिस्बनमधली पणजीची फिल्म अशी तिहेरी जुळणी करावी लागते. फिल्मोतेकाच्या बुलेटिनमध्ये १९५४ पासून कागदांचे गोषवारे छापले गेले, ते आधी चाळले तर पुष्कळ वेळ वाचतो.

वर्तमानपत्रांसाठी असाच एक आडवाटेचा दरवाजा आहे. मुंबई इलाख्याच्या सरकारात ‘ओरिएंटल ट्रान्सलेटर’ची कचेरी देशी पत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सारांश करून दर आठवड्याला अहवाल काढी. हे ‘नेटिव्ह न्यूजपेपर्स’चे अहवाल १८६८ पासूनचे आहेत आणि फिल्मवर अनेक ठिकाणी मिळतात. सरकारला काय खुपले तेच त्यात आहे हे खरे. पण ज्या पत्राचा एकही अंक उरला नाही त्याच्या चार ओळी इथे भेटतात, आणि ज्याचे रीळ आहे त्यात नेमकी कोणती तारीख उघडायची तेही कळते. वर्षभराचे दैनिक काचेखालून आंधळेपणाने सरकवत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

कॅटलॉगमध्ये शोधताना नावाचे स्पेलिंग दगा देते. ‘ज्ञानप्रकाश’ रोमन लिपीत जे, डी किंवा जी यांपैकी कशाखालीही निघू शकतो, म्हणून गाव आणि साल टाकून शोधावे. रीळ मिळाल्यावर ते उघडून थेट आपल्या तारखेकडे धावण्याचा मोह टाळावा. सुरुवातीला मोठ्या अक्षरांतल्या पाट्यांच्या चौकटी (फ्रेम) असतात. मूळ प्रत कोणत्या ग्रंथालयाची, कोणते अंक गहाळ, कोणते पान फाटलेले, हे तिथे लिहिलेले असते. पुढे ‘अमुक विषयावर पत्र गप्प राहिले’ असा निष्कर्ष काढायचा असेल, तर आधी ही पाटी वाचलेली असलेली बरी. टिपण करताना रीळ क्रमांक आणि दिसत असेल तर चौकटीचा क्रमांकही लिहून ठेवावा. नुसत्या तारखेवर ते पान पुन्हा सापडणे कठीण जाते.

फिल्मला स्वतःची आंधळी ठिकाणेही आहेत. ती बहुतेक कृष्णधवल, तीही अक्षरे ठळक यावीत अशा बेताची. त्यामुळे छायाचित्रांच्या जागी शाईचे डाग दिसतात. बांधीव खंड न उसवता फिल्म काढली असेल तर शिवणीजवळचा मजकूर अर्धा बुडतो. पुरवण्या आणि जाहिरातींची पाने कधी कधी वगळलेली असतात. हे चालवून घेता येते, पण फिल्म झाली म्हणून मूळ कागदच विकला किंवा फेकला तर मग दुरुस्तीला वाव उरत नाही. अमेरिकेतल्या अनेक ग्रंथालयांनी असे केले, ब्रिटिश लायब्ररीनेही १९९९ च्या सुमारास परदेशी वर्तमानपत्रांचे खंड काढून टाकले, आणि त्यावरून मोठा वाद झाला. आपल्याकडे कागद टिकला असेल तर त्याचे श्रेय धोरणाला कमी आणि रद्दीत घालायचाही निर्णय कुणी न घेण्याला जास्त आहे.

आता रीळ वाचायच्या यंत्राचे, म्हणजे रीडरचे, दिवे मिळणेही अवघड झाले आहे. वंशावळींच्या नोंदींसाठी १९३८ पासून जगभर फिल्म काढणाऱ्या अमेरिकेतल्या युटामधल्या संस्थेने २०१७ मध्ये रिळे पाठवणे बंद केले. नवी यंत्रे रीळ लावले की चित्र संगणकावर देतात आणि पान पेनड्राइव्हवर नेता येते. पण संगणकावर दिसणारे जुने अंक पुष्कळदा कागदावरून नव्हे, तर याच फिल्मवरून स्कॅन केलेले असतात. १९६५ साली कॅमेऱ्यासमोर न आलेले पान त्यातही नसते. अशा वेळी पडद्यावरच्या फाइलशी झगडण्यापेक्षा तिच्या पहिल्या चौकटीतले ग्रंथालयाचे नाव टिपून घ्यावे, आणि मूळ खंड अजून आहे का, एवढे तिथे पत्र घालून विचारावे.